मिनिटताईचा सहावा दिवस

आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी बस डेपोत वेळापत्रक करते. मुलगी म्हणजे आता एक्कावन्न वर्षांची बाई, पण तिला मी तिच्या बाविसाव्या वर्षापासून पाहते आहे, म्हणून माझ्यासाठी मुलगीच. शहरातली कुठली बस कुठल्या थांब्यावरून किती वाजून किती मिनिटांनी सुटायची, हे तिच्या टेबलावर ठरते. कॉम्प्युटर आला तरी ती आधी मोठ्या तावावर रंगीत पेन्सिलींनी रेघा ओढते. तिरकी रेघ म्हणजे धावणारी बस, आडवी रेघ म्हणजे थांबलेली. नवा मार्ग सुरू व्हायचा असला की स्वतः घड्याळ घेऊन तीन दिवस त्या बसमध्ये बसते. शाळेपाशी दोन मिनिटे जास्त, दवाखान्यापाशी तीन, कारण तिथे चढणाऱ्यांचे पाय हळू. डेपोत तिला मिनिटताई म्हणतात. पूर्वी चिडवायला म्हणत, आता साहेबसुद्धा म्हणतात.

ड्रायव्हरांचे आणि तिचे विळ्या-भोपळ्याचे सख्य. बस उशिरा आली की संध्याकाळी तिची चिठ्ठी हजर: 'उशिराचे कारण लेखी कळवावे.' त्यावर ड्रायव्हरांचे म्हणणे असे की ताई कागदावरून पोचतात, आम्हाला बिचाऱ्यांना रस्त्यावरून जावे लागते. तिचा एक नियम मात्र प्रत्येक नव्या ड्रायव्हरला पाठ करावा लागतो. उशीर झाला तर वेग वाढवायचा नाही. वेळ थांब्यावर भरून काढायचा. दहा मिनिटे थांबायचे तिथे चार मिनिटे थांबायचे.

घरी तिची आई अकरा वर्षे अंथरुणाला खिळून होती. दिवसा नर्स, रात्री ही. दर तीन तासांनी आईची कूस बदलावी लागे, म्हणून अकरा वर्षे हिने गजर लावून झोप घेतली, तुकड्यातुकड्यांनी. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला ही उशी घेऊन माझ्या दारात उभी. आजचा दिवस इथे झोपू का, म्हणाली. तो आजचा दिवस महिनोन्महिने चालला. माझ्या बैठकीतल्या सोफ्यावर झोपायची, पहाटे उठून वर जायची. कोणाला सांगू नका म्हणाली होती. मी तिच्या वहिनीला तेवढे सांगितले. सांगायला नको होते.

थोरल्या भावाचे पंप दुरुस्तीचे दुकान आहे, शहराच्या दुसऱ्या टोकाला. माणूस सरळ आहे, फक्त कुठलीही गळती दिसली की त्याला तिथल्या तिथे ती बंद करायची असते. एका रविवारी तो आणि वहिनी आले. वरचे घर बंद करायचे, तिने त्यांच्याकडे मागच्या खोलीत राहायला यायचे, असे त्याने ठरवून टाकले होते. खोलीला रंगही लावून झाला होता. ती म्हणाली, मी इथेच राहणार.

"एकटी?" दादा म्हणाला. "चार महिने काकूंच्या सोफ्यावर झोपतेस, मला माहीत नाही का? एक रात्र, आयुष्यात एक रात्र तरी एकटी काढली आहेस का तू?"

दुसरी कोणी रडली असती किंवा भांडली असती. हिने खरोखरच विचार केला. एक्कावन्न वर्षे नजरेखालून घातली आणि म्हणाली, नाही. मग थोडे थांबून, भाजी आणायला जाते म्हणावे तशा आवाजात म्हणाली, "मी समुद्रापर्यंत सायकलने जाणार आहे. एकटी."

सायकल होती, हे मला ठाऊक होते, कारण ती माझ्याच जिन्याखाली उभी असे. डेपोतल्या मिस्त्रीने तीन मोडक्या सायकलींची मिळून एक चांगली जोडून दिली होती. ड्यूटी सुटली की ही डेपोच्या आवारात बसगाड्यांच्या मधून गोल गोल फिरायची आणि ड्रायव्हर मुद्दाम हॉर्न वाजवायचे. पंक्चर काढायला मिस्त्रीनेच शिकवले. पण समुद्र साडेसहाशे किलोमीटर लांब होता आणि हिने कधी शहराची वेस ओलांडली नव्हती.

दादा आधी हसला. नंतर ती हसत नाही हे पाहून त्याने अट घातली. जा. पण वाटेतून एकदा जरी गाडी घेऊन ये म्हणालीस, तर मी येईन तो तुला आमच्या घरी न्यायला येईन. मग घराचा विषय बंद. ती म्हणाली, कबूल. मुक्काम कुठे, असे त्याने विचारले तेव्हा तिने सांगितले, हॉस्टेलांत. रस्त्याने भटकणाऱ्यांसाठी असतात ती, खाटेवर खाट, एका खोलीत सहा-आठ जणी, स्वयंपाकघर सगळ्यांत एक.

"मग ते एकटं राहणं कसलं?" दादा म्हणाला. "खोलीत सहा बायका घोरणार."

"तुम्ही एक दिवस सायकलवर बसून दाखवा आधी," वहिनी म्हणाली. इतका वेळ ती काहीच बोलली नव्हती.

पुढचे दोन महिने आमच्या इमारतीत दुसरा विषय नव्हता. मिनिटताईने प्रवासाचे वेळापत्रक केले, अगदी बसचे करते तसे. नऊ दिवस, आठ मुक्काम. रोज सहा चाळीसला निघायचे. चढ लाल, उतार हिरवा, जेवणाचा थांबा चाळीस मिनिटे, पाणी प्यायचे थांबे प्रत्येकी चार. आठही हॉस्टेलांत खाट राखून ठेवली. त्या तावाच्या प्रती काढून एक दादाला दिली, एक मला, एक डेपोच्या सूचनाफलकावर लागली. मी माझी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आणि पेन्सिल दोऱ्याने बांधली. मिस्त्रीने फलकावरचा ताव बराच वेळ वाचला आणि विचारले, वारा कुठे धरलाय. वारा धरला नव्हता. तेवढी दुरुस्ती तिने केली. दुसरी एक चूक त्यात होती, ती कोणालाच दिसली नाही.

ज्या दिवशी ती निघाली त्या दिवशी डेपोच्या फाटकात सकाळच्या पाळीचे सगळे ड्रायव्हर उभे होते, आणि सहा चाळीसची बस सहा त्रेचाळीसला सुटली. उशिराचे कारण त्या दिवशी कोणी मागितले नाही.

रोज संध्याकाळी सातला ती मला फोन करी आणि मी ऐकता ऐकता लिहून घेई. पहिल्या दिवशी ती हॉस्टेलपाशी चार मिनिटे आधी पोचली आणि कोपऱ्यावर चार मिनिटे उभी राहून मग आत गेली. आधी पोचणे हा आमच्याकडे उशिरापेक्षा मोठा गुन्हा, माणसांची बस चुकते, असे मला समजावून सांगितले. तुझी बस कोणाची चुकणार होती, असे मी विचारले, तर यावर विचार करते म्हणाली. खोलीतल्या मुली विशी-बाविशीच्या. त्यांनी खालची खाट देऊ केली, पण हिच्या चिठ्ठीवर वरची होती, म्हणून ही शिडीने वर चढली. चढताना हसू येत होते, उतरताना रडू, असे म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पंक्चर. अठरा मिनिटांत काढले. मिस्त्रीला कळवा, त्याला वीस लागतात. तिसऱ्या दिवशीचे हॉस्टेल एका जुन्या लोकरीच्या गिरणीत होते. खिडकीखाली नदी, आणि शेजारच्या खाटेवर पोहण्याचे क्लास घेणाऱ्या एक बाई, ज्या झोपेतसुद्धा शिट्टी वाजवत. फ्रिजमध्ये आपापल्या डब्यावर नाव लिहायचे असते. हिने नावासोबत वेळही लिहिली, तर सकाळी पाहते तो सगळ्यांच्या डब्यांवर वेळा. चौथ्या दिवशी पाठीमागून वारा. काकू, मी काही करत नव्हते, सायकलच पळत होती, असे म्हणाली, आणि पुढे पाच मिनिटे नुसते रस्त्याचे वर्णन: दोन्ही बाजूंना पिवळे गवत, मध्ये काळा डांबरी रस्ता, लांबवर एकही थांबा नाही. तिला असा आवाज आहे हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हते. माझी पेन्सिल मागे पडू लागली. डेपोत रोज सकाळी फलकावर तिची वेळ लिहिली जाई आणि तिच्याशी ज्यांचा उभा दावा होता तेच ड्रायव्हर आधी येऊन पाहत. पाच दिवस, पाच मुक्काम, एक मिनिट इकडे-तिकडे नाही.

दादाही मला रोज रात्री आठला फोन करायचा. पोचली का, एवढेच विचारायचा. पोचली म्हटले की बरे म्हणायचा. आवाज मात्र रोज थोडा थोडा उतरत होता. मला त्याची दयाच आली. रंग लावलेली खोली रिकामी पडलेली.

सहावा दिवस सगळ्यांत लांब होता. चौऱ्याण्णव किलोमीटर, मध्ये घाट. बसच्या दृष्टीने तो टप्पा तिथे पडणेच सोयीचे, म्हणून तिने तो तिथे टाकला होता. सकाळी उठली तेव्हा गुडघे लाकडाचे झाले होते. तरी सहा चाळीसला निघाली. अकरा वाजता घड्याळ पाहिले तर पस्तीस मिनिटे उशीर. आणि मग तिने तेच केले जे एकोणतीस वर्षे दुसऱ्यांना करायला सांगत आली. वेग वाढवला नाही. थांबे कापले. आधी पाण्याचे, मग जेवणाचे. चाळीस मिनिटे वाचली, वेळ भरून निघाला. पाऊण तास ती अगदी वेळेवर होती.

घाटाच्या पायथ्याशी तिचे पाय थरथरू लागले, हात थंड पडले आणि समोरचा रस्ता दोन दिसू लागला. ती उतरली, सायकल भिंतीला टेकवली आणि खाली बसली. तीन वाजले होते. पुढे चाळीस किलोमीटर आणि अख्खा घाट. पिशवीत एक केळे होते, ते खाल्ले. फोन हातात घेतला. सगळ्यांत वर दादाचा नंबर. अर्धा तास फोन हातात होता, हे तिने नंतर सांगितले. अर्ध्या तासात किती बस सुटतात हे तिच्याइतके कोणाला माहीत?

तिथून थोडे पुढे खाटेचे चित्र असलेली पाटी होती. तीन किलोमीटर. तिच्या तावावर हे हॉस्टेल नव्हते. सायकल हातात धरून ती चालत गेली.

ते म्हणजे एक जुनी शाळा. रबरी बूट घातलेल्या एक बाई दारातल्या फरशीचे डाग घासत होत्या. त्यांनी सांगितले की मोसम संपला, शनिवारी एक गट येणार म्हणून साफसफाई चालली आहे, पण आत वीस खाटा आहेत, हवी ती घ्या. शेगडी काडीने पेटवावी लागते. अंडी आणि बटाटे आहेत. मी सहाला घरी जाते, घर खाली दोन किलोमीटरवर. किल्ली ही.

"बरोबर कोणी आहे?" त्यांनी विचारले.

"नाही," ती म्हणाली. "मी एकटीच आहे."

बूटवाल्या बाई सहाला गेल्या. सातला मला फोन आला. माझ्या पेन्सिलीला आज खूण करायला जागा नव्हती आणि डेपोतून मिस्त्रीचे दोनदा विचारून झाले होते. तिचा आवाज लहान झाला होता. काकू, वीस खाटा आहेत, म्हणाली. तीन बदलून पाहिल्या. खिडकीपाशी बाहेरचे ऐकू येते, भिंतीपाशी आतले ऐकू येते. इथे नळ टपकतो तोसुद्धा कोणीतरी चालल्यासारखा.

मी विचारले, दादाला कळवू का.

  तिने हो म्हणावे असे मला वाटत होते आणि नाही म्हणावे असेही वाटत होते, आणि यातले काहीच सुचवायचा हक्क मला नव्हता, कारण सोफा माझा होता.

"थांबा," ती शेवटी म्हणाली. "आधी जेवते. दुपारच्या केळ्यानंतर पोटात काही नाही. उपाशी माणसाने काही ठरवू नये."

तासाभराने फोन करते म्हणाली. केला नाही. आठला दादाचा फोन आला आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला अर्धवट सांगितले: मुक्कामाला पोचली आहे, आवाज ऐकला. कुठल्या मुक्कामाला, ते त्याने विचारले नाही.

सकाळी साडेसहाला फोन नाही, साडेसातला नाही. आठला मिस्त्रीचा आला: फलकावर काय लिहू? मी म्हटले, काही लिहू नका. नऊ वाजून दहा मिनिटांनी घंटी वाजली.

"काकू, मी झोपले होते."

मला आधी काही कळेना.

"चार अंडी खाल्ली, उभ्यानेच. मग जरा पाठ टेकावी म्हटलं. गजर लावायचा राहिला. आत्ता उठते आहे. तेरा तास, काकू. मध्ये एकदाही नाही."

अकरा वर्षे आणि वर सहा महिने. मी खुर्चीत बसले. ती बोलतच होती. भीती वाटली का, तर हो, वाटली, सात ते पावणेआठ. पंचेचाळीस मिनिटे. मग बटाटे शिजायला लागले आणि तिकडे लक्ष गेले. आणि काकू, माझी चूक सापडली मला. बसचा ड्रायव्हर आठ तासांनी बदलतो. माझ्या कागदावर बस सहाव्या दिवशीही पहिल्या दिवसासारखीच धावते, कारण तिच्यावर ताजा माणूस बसतो. इथे ड्रायव्हर मी एकटीच होते आणि मी त्याचे थांबे कापत होते.

ती हसत होती. मग म्हणाली की आज इथेच राहणार. आज रात्रीसुद्धा. बूटवाल्या बाईंनी खाली आपल्या घरी झोपायला बोलावले होते, तिने नको म्हटले. राहिलेली हॉस्टेले दोन-दोन दिवस पुढे सरकवली. मोसम संपलेला, कोणाची ना नव्हती. घाट उद्या.

दादाला तिने स्वतः फोन केला. मला दोघांकडूनही वेगवेगळे ऐकायला मिळाले आणि नवल म्हणजे दोन्ही जुळले. तिचा आवाज ऐकताच याने गाडीची किल्ली उचलली.

"निघतो. कुठे आहेस?"

"निघू नकोस. दोन दिवस उशीर होतोय, एवढंच कळवायचं होतं."

"म्हणजे बोलावत नाहीस?"

"नाही. काल रात्री एका घरात होते, वीस खाटांच्या. दुसरं कोणी नव्हतं. आजही तिथेच आहे."

दादाने किल्ली दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाला, "दार नीट लागतं का?"

"आतून अडणा आहे."

"आणि खिडक्या?"

"त्याही लागतात."

"बरं," दादा म्हणाला, आणि किल्ली खिळ्याला लावली. हे वहिनीने पाहिले.

डेपोत ही बातमी पोचली तेव्हा आनंदाला उधाण आले. मिनिटताई लेट. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा. सगळ्यांत जुन्या ड्रायव्हरने तिच्याच चिठ्ठीच्या कागदावर तिचेच वाक्य लिहून, फोटो काढून तिला पाठवला: 'उशिराचे कारण लेखी कळवावे.' दहा मिनिटांत उत्तर आले: 'ड्रायव्हर वेळेवर जेवला नाही. दोष वेळापत्रकाचा.' तो कागद त्यांनी फलकावर लावला आणि परत परत वाचला. मिस्त्री सांगत होता, दोन ड्रायव्हरांना तर हसून हसून चहाचा ठसका लागला.

घाट तिने आठव्या दिवशी चढला, दर अर्ध्या तासाला उतरून, काहीतरी खाऊन. माथ्यावरून समुद्राकडचा उतार दिसला तेव्हा मला भर दुपारी फोन केला आणि काहीच बोलली नाही. नुसता वारा ऐकवला. मी तोही लिहून ठेवला.

अकराव्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला ती पोचली. दादा आणि वहिनी ठरल्याप्रमाणे न्यायला आले होते, धक्क्याच्या तोंडाशी गाडी लावून उभे होते. वहिनीने सांगितले ते असे. लांबून एक वाकडी टोपी येताना दिसली. दादाने हात वर केला. तिने पाहिले, ओळखीचे हसलीसुद्धा, आणि त्यांच्या समोरून सरळ पुढे निघून गेली. दादा पाठीमागे हाका मारत राहिला. रस्ता अजून शंभर पावले बाकी होता. दगडी धक्का जिथे संपतो तिथे तिने पाय टेकला आणि मग सायकल वळवून, चालवतच परत आली.

काळी पडली होती, नाकाची साल निघाली होती. दादाने आधी सायकलची चाके दाबून पाहिली.

"घाबरली नाहीस?" त्याने विचारले.

"घाबरले ना. पण त्याने काही अडलं नाही."

येताना गाडीत ती मागच्या सीटवर पूर्ण रस्ताभर झोपली. पुढे दादा वहिनीला हळूच म्हणाला की मागच्या खोलीत आता दुकानातले पंप ठेवीन म्हणतो. वहिनी म्हणाली, पंप नकोत, मला शिवणाचे मशीन ठेवायचे आहे. ते भांडण अजून मिटलेले नाही.

पुढच्या रविवारी दादा पान्हे घेऊन आला. वरच्या घरात आईची लोखंडी खाट तशीच भिंतीला होती. ती दारातून निघेना, म्हणून दोघे बहीणभाऊ जमिनीवर बसून एकेक नट सोडवत होते. मी चहा घेऊन वर गेले होते. वहिनी खिडकीत उभी राहून मिनिटताईला दबक्या आवाजात विचारत होती की ती जुनी शाळा नेमकी कुठल्या फाट्यावर, आणि मोसम संपतो कधी.

खाट निघाली. भिंतीवर तिच्या आकाराचा फिकट चौकोन राहिला.

"इथे काय ठेवणार?" दादाने विचारले. "कपाट आणू का? माझ्याकडे एक पडून आहे."

"नको," ती म्हणाली. "सायकल ठेवणार."

"घरात?"

"पावसाळ्यात जिन्याखाली गंज चढेल. आणि पुढच्या वर्षीचा रस्ता बाराशे आहे."

दादाने माझ्याकडे पाहिले. मी चहाकडे पाहिले. मग तो उठला, पान्हे गोळा केले, आणि सायकल वर आणायला खाली गेला.